नवटाक आणि डबलबारी

आमच्या लालबागच्या खाणावळीत सगळ्या मेंबरांची संध्याकाळ एकाच वेळी होत नसे. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी साडेतीनला सुटायचा आणि मोरीवर अंग धुऊन पाचला मोकळा. दुसऱ्या पाळीवाल्याची संध्याकाळ रात्री बाराचा भोंगा झाला की सुरू. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी सातला गिरणीच्या गेटातून बाहेर पडायचा. चाळीतली पोरं शाळेला निघालेली असायची आणि याला आता कुठे जरा बसावं, चार घटका काही ऐकावं असं वाटत असायचं. आई बावीसेक मेंबरांचं रांधायची, त्यामुळे कोणाची संध्याकाळ कधी आणि तो ती कुठे घालवतो हे तिला पक्कं ठाऊक. माणूस ताटावर बसला की ती ओळखायची. बसल्याबसल्या पाठ भिंतीला टेकली तर गुत्त्यावरून आला, आणि भात यायच्या आधी मांडीवर ठेका धरला तर भजनाहून.

गिरणगावच्या करमणुकीवर पुष्कळ लिहून झालंय. शाहिरांवर लिहिलंय, तमाशावर लिहिलंय, संपावर तर ढिगाने. एक गोष्ट मात्र मला त्यात फारशी सापडत नाही, कारण ती चुलीपाशी बसलं की दिसते. आमच्याकडे दारूचं छप्पर वेगळं होतं आणि गाण्याचं वेगळं. ती तशी वेगळी राहिली म्हणूनच आम्हा बायकांच्या वाट्याला गाणं आलं.

दारूचं आधी सांगते, कारण तिच्या मागे सरकार जास्त लागलं. मुंबई हे मुळात माडांचं बेट. माहीम, दादर, प्रभादेवी, गिरगाव इथल्या वाड्यांत भंडारी माडावर चढून माडी काढायचे. १८७८ च्या अबकारी कायद्याने त्या माडीवर कराचा बोजा आला, धंदा परवान्याच्या दुकानांत गेला आणि कष्टकऱ्याच्या पेल्यात माडीऐवजी कडक दारू जास्त येऊ लागली. मग १ ऑगस्ट १९३९ ला खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळ गेलं आणि बंदीचा जोरही ओसरला. स्वातंत्र्यानंतर मात्र पक्की बंदी आली. १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून मुंबई कागदावर कोरडी झाली. डॉक्टरचा दाखला असणाऱ्या साहेबलोकांना आरोग्याच्या नावाखाली परवाना मिळायचा. गिरणीतल्या माणसाला असला आजार कोण लिहून देणार?

त्याच्यासाठी अड्डे होते. गिरगाव, धोबीतलाव, वांद्रे भागांत ख्रिस्ती बायका घरातच दारू विकत. त्यांना सगळे आंटी म्हणत. आमच्या बाजूलाही खोलीतल्या खोलीत, पत्र्याच्या आडोशाला असं चाले, आणि विकणारी बऱ्याचदा बाईच असे, नवरा गेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली. आई तिच्याशी बोलत नसे, पण तिच्याबद्दल वाईटही बोलत नसे. दोघी एकाच पगारावर जगत होत्या. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. ती उभ्याउभ्या घशाखाली घालायची, वर मीठ लावलेले चणे किंवा उकडलेलं अंडं तोंडात टाकायचं आणि निघायचं. पोलीस कधी येतील याचा नेम नाही. अशा जागी कोण पेटी काढून बसणार? गाणं माणसाला बसवतं, आवाज बाहेर जातो, आणि अड्ड्याला नेमक्या याच दोन गोष्टी परवडत नव्हत्या. पुढे बंदी सैल झाली, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं आली, तरी झटपट पिऊन निघायची सवय काही गेली नाही. आजही देशी बारमध्ये पाहा. लोखंडी बाकं, भिंतीवर दराचा फलक, आणि कोणी कोणाशी गाण्यातून बोलत नाही.

गाण्याची छपरं मात्र बरीच होती. घाटावरच्या लोकांचं तमाशाचं. सातारा, सांगली, पुणे, नगरकडचा माणूस पगार झाला की थिएटरकडे वळायचा. जुन्या पिढीचा तमाशा ग्रँट रोडच्या पिला हाऊसला असे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी मुंबई गाजवली ती त्या काळी. लालबागला हनुमान थिएटर होतं, मधुकर नेराळे यांचं. पश्चिम महाराष्ट्रातले नावाजलेले फड तिथे उतरत. आमच्या गॅलरीत रात्री ढोलकीचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, आणि तेवढाच आमचा तमाशा. आत पुरुष, बाहेर पुरुष, दौलतजादा करणारेही पुरुष. थिएटरात दारू मिळत नसे हे खरं, पण ती पोटात घालून येणाऱ्याला कोणी अडवतही नसे. बाईमाणसाने त्या रस्त्याने जाताना पदर नीट घ्यायचा आणि पावलं उचलायची. रंगमंचावर बाई नाचतेय आणि प्रेक्षकांत एकही बाई नाही, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं आणि आजही वाटतं.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावरही बंदी आणली होती, अश्लीलतेच्या नावाखाली. त्या काळात लाल बावट्याच्या शाहिरांनी त्याचं लोकनाट्य केलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. गण-गौळणीच्या जागी मजुराला, देशाला वंदन आलं. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटाची लावणी केली होती. अण्णाभाऊंनी आपल्या मुंबईच्या लावणीत मलबार हिलच्या शेजारी फोरास रोड ठेवला. हे कार्यक्रम मैदानात होत, तिकीट नसे, आणि तिथे बायका यायच्या. माझी आई फारशी कुठे गेली नाही, पण कामगार मैदानात अमर शेखांचा आवाज लाउडस्पीकरविना ऐकल्याचं ती शेवटपर्यंत सांगायची.

आमचं स्वतःचं छप्पर भजनाचं. आम्ही कणकवलीकडचे. कोकणातून आलेला चाकरमानी गावाच्या खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. सामानाच्या ट्रंका वर टांगलेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक पखवाज, एक पेटी, टाळांची पिशवी. खोली गावाची, तसं भजनी मंडळही गावाचं. वर्गणी त्यातूनच, आणि कोणी गेला तर त्याला गावी पोचवायचा खर्चही त्याच पेटीतून. गुरुवारी किंवा शनिवारी भजन. पहिल्या पाळीवाले सुरू करायचे, दुसरी पाळी सुटून बारानंतर यायची आणि तिसऱ्या पाळीला गेलेल्यांचे टाळ आपल्या हातात घ्यायची. रात्रभर ते चालायचं यात भक्ती किती होती आणि झोपायला जागा नसणं किती, हे मी सांगू शकत नाही.

या भजनातून डबलबारी वाढली. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने पहिली बारी लावायची, दुसऱ्याने उत्तराची. सुरुवात नमन-स्तवनाने, मग रूपाचा अभंग, गजर, गौळण. अभंग संपता संपता बुवा पुराणातला एखादा पेच टाकतो. अमक्याचा गुरू कोण, तमक्याला शाप कोणी दिला, कोणत्या अध्यायात? समोरच्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर गायचं आणि वर आपला पेच टाकायचा. नाही आलं तर टोमणा, आणि टोमणाही चालीत. चाल तुकारामाच्या वेळची असायची गरज नाही. त्या महिन्यात भारतमाता थिएटरला जो सिनेमा लागला असेल त्याची चाल दुसऱ्या आठवड्यात अभंगाला लागलेली असे. सोवळ्यातल्या लोकांना हे पटत नव्हतं. मला विचाराल तर डबलबारी जगली ती यामुळेच. पखवाजवाल्याची वेगळी चुरस चाले. गजराची लय चढत गेली की माणसं उठून उभी राहत. परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम या बुवांची नावं आमच्या घरात सिनेनटांसारखी घेतली जायची.

आमच्या खाणावळीत एक बुवा जेवायचे. साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे, साचेखात्याच्या गोंगाटात कान गेलेले, साधं बोलताना ओरडायचे. पण पेटीचा सूर एक केसभर हलला तरी त्यांना कळायचा. बारी असली की ते दोन दिवस आधीपासून ताक बंद करायचे आणि आईकडून आल्याचा काढा मागून घ्यायचे. पोथ्या त्यांना वाचता येत नव्हत्या. हरिविजय, पांडवप्रताप मी त्यांना वाचून दाखवायची, शाळेतून आल्यावर, कांदा चिरता चिरता. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, “थांब गे, ह्या परत वाच.” दोन दिवसांनी तो अध्याय मला चाळीच्या पटांगणात, गॅलरीच्या कठड्याला टेकून, समोरच्या मंडळावर फेकलेला ऐकू यायचा. माझ्या शेजारी सगळ्या मजल्यावरच्या बायका असत. हरल्या-जिंकल्याचा निवाडा खाली पुरुष करत. वर आमचा वेगळा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी नळावर तोच खरा मानला जायचा.

हे मला शक्य झालं कारण भजनाला प्यालेला माणूस चालत नसे. बुवा स्वतः माळकरी असोत-नसोत, गादीवर बसायचं तर तोंडाला वास नको, हा मंडळाचा नियम. मोडणारे मोडत, पण चोरून. त्यामुळे आईने मला कधी अडवलं नाही. तमाशाच्या वाटेने जाऊ न देणाऱ्या त्याच बाईने मला पहाटेपर्यंत गॅलरीत बसू दिलं.

रत्नागिरीच्या लोकांचा शक्ती-तुरा, नमन-खेळे, आमच्याकडचा दशावतार, या सगळ्यांना तिकिटाचं छप्पर मिळालं ते परळच्या दामोदर हॉलचं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी वाचनालयं, रात्रशाळा, त्याच धडपडीतून १९२२ मध्ये हा हॉल उभा राहिला. ९ मार्च १९२४ ला डॉ. आंबेडकरांनी ज्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची तयारी केली, ती याच दामोदर हॉलमध्ये. हे लिहिताना आमच्या भजनाबद्दलही सांगायला हवं. गावाची खोली म्हणजे जातीचीही खोली. आमच्या मंडळात महारवाड्यातला पखवाजी कधी नव्हता, कितीही चांगला वाजवो. गिरणीतही साचेखातं त्यांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्यांनी आपलं गाणं वेगळं उभारलं. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, पुढे शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून मोठ्या वयात अक्षरं शिकलेले वामनदादा कर्डक, नायगावचे विठ्ठल उमप. कव्वालीचे सामने व्हायचे, तेही सवाल-जवाबाचे आणि तेही रात्रभर. मैदानं दोनशे पावलांवर, पण आमच्या गॅलरीतल्या बायकांपैकी फारच थोड्या तिकडे गेल्या. मी गेले ते लग्नानंतर, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर.

माझी भाची आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. तिने मला क्लेअर परगण्यातल्या डूलिन नावाच्या गावातून एक व्हिडिओ पाठवला. पबमध्ये एका टेबलाभोवती सात-आठ माणसं, फिडल, बासरी, त्यांची ती चपटी डफली, समोर काळ्या बिअरचे ग्लास, आणि सगळे मिळून वाजवतायत. मावशी, बघ, यांची डबलबारी, असं तिने लिहिलं होतं. मला कुतूहल वाटलं, म्हणून थोडं वाचलं. मौज अशी की हे पबातलं वाजवणं त्यांच्याकडेही फार जुनं नाही. पूर्वी तिथलं गाणं-नाचणं घरच्या स्वयंपाकघरात व्हायचं. १९३५ मध्ये सरकारने नाचासाठी परवाना सक्तीचा केला, त्यामागे चर्चचाही जोर होता, आणि घरातल्या बैठकी मोडत गेल्या. युद्धानंतर लंडनला खोदकामाला, बांधकामाला गेलेल्या आयरिश मजुरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅम्डन-केंटिश टाऊनच्या पबांत वाजवायला सुरुवात केली. भाड्याच्या खोलीत जागा नाही, मग दुसरं कुठे वाजवणार? तीच रीत मग गावाकडे परत गेली आणि आज पर्यटक तिला हजार वर्षांची समजतात.

हे वाचून मला आमच्या गावच्या खोल्या आठवल्या नसत्या तरच नवल. गोव्याचं तियात्रही असंच. त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ ला झाला, तो गोव्यात नाही, मुंबईत. मालवणी नाटक व्यावसायिक रंगभूमीवर नेणारं गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० चं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं. तेही मुंबईतच उभं राहिलं. गावाची म्हणून मिरवलेली कला बऱ्याचदा गाव सोडलेल्या माणसाने केलेली असते. फरक एवढाच की लंडनच्या मजुराला दारूचंच छप्पर मिळालं आणि आमच्या मजुराला ते कायद्याने मिळू दिलं नाही. त्या आयरिश पबांत बायकांना कित्येक वर्षं समोर बसायची सोय नव्हती. बसायचंच तर फळ्यांनी आड केलेल्या एका कोंदट खोलीत. आमची गॅलरी त्यापेक्षा हवेशीर होती, इतकं मी अभिमानाने म्हणेन.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. आईने सहा महिने उधारीवर जेवू घातलं, मग तिचे दागिने गेले, मग मेंबर गेले. खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, त्यातून बँकेचं कर्ज मिळायचं, म्हणून आमचं घर तगलं. बुवा पेटी घेऊन गावी गेले. पखवाज खोलीतच राहिला, पुढे कोणीतरी विकला. हनुमान थिएटरात १९९० च्या दशकात तमाशा बंद झाला आणि लग्नं लागायला लागली. माझ्या चुलतभावाचं तिथेच लागलं.

गिरण्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने जमिनी मोकळ्या व्हायला वाट मिळाली, आणि लोअर परळला पब आले. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं. दारू आणि जिवंत संगीत अखेर एका छपराखाली, गिरणीच्याच. देशोदेशीचे वादक तिथे वाजवून गेले, आणि संगीत उत्तम असायचं असं माझा मुलगा सांगतो. तो दोनदा गेला होता, कंपनीच्या पैशाने. २०१६ मध्ये तेही बंद झालं. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ जणं गेली. त्या आवारात रात्री बाराला पाळी सुटतानाची गर्दी मी पाहिलेली आहे, त्यामुळे बातमीतली वेळ वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

दामोदर २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. शक्ती-तुऱ्याची मंडळं आता उपनगरांतल्या हॉलांकडे पळतात. डबलबारी मात्र मेली नाही. सिंधुदुर्गात जत्रांना लागते, मोबाइलवर लाखो लोक बघतात, आणि आता बाया बुवा म्हणून गादीवर बसतात, पेच टाकतात, टोमणे मारतात. मी एक पाहिली. गळा तयार होता, पुराण थोडं कच्चं. त्यांना कांदा चिरता चिरता वाचून दाखवणारं कोणी नसावं.

आमच्या पटांगणात मात्र ती लागत नाही, आणि त्याचं कारण भक्ती आटली हे नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. वर्षातले मोजके दिवस बाराची सवलत. डबलबारीला दहाला तर पहिला अभंगही रंगत नाही. पलीकडच्या गिरणीच्या आवारात काचबंद खोली आहे, तिथे दीडपर्यंत वाजवायची मुभा आहे. नियम मला मान्य आहे, आमच्या मजल्यावर आता म्हातारी माणसंच जास्त आणि त्यांना झोप हवी. पण काचबंद खोली चाळीला कोण बांधून देणार, एवढं विचारायला मी मागच्या वर्षी पुनर्विकासाच्या बैठकीत उभी राहिले. नव्या इमारतीच्या नकाशात जिम आहे, पोहण्याचा तलाव आहे, सोसायटीचं ऑफिस आहे. बिल्डरच्या माणसाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “भजनासाठी म्हणजे किती माणसांची कपॅसिटी, मावशी?” मी म्हटलं, खाली शंभर, आणि वर गॅलरी पाहिजे.